मागच्या खोलीतली आर्द्रता

८ जुलै, मंगळवार

मोडनिंबहून खोकी परत आली. सगळी. हायवेवरच्या हॉटेलचे मालक स्वतः टेम्पोत बसून आले, म्हणजे प्रकरण गंभीर. दारातच त्यांनी खोक्यातून एक कडक भाकरी काढली आणि आईसमोर दुमडली. ती मोडली नाही. रुमालासारखी घडी झाली.

"मावशी, कडक भाकरी म्हणून बोर्डावर लिवलंय मी. गिऱ्हाईक म्हणतंय, ही भाकरी हाय का गोधडी?"

दोन खोक्यांत हिरवी बुरशी होती. आई त्यांना काहीच बोलली नाही. ते गेल्यावर बोलली, आणि ते वहिनीला. "हात वला हाय तुझा. तव्यावरनं कच्ची उतरवतीस. किती येळा सांगायचं?"

वहिनी परातीपुढे होती. पीठ मळत राहिली. मान वर केली नाही.

दादा मागच्या खोलीत गेला, तिथल्या हवा कोरडी करणाऱ्या यंत्राकडे पाहून आला, आणि त्याने निकाल दिला: "मशीन पंचेचाळीस दाखवतंय. म्हंजे हवा कोरडी हाय. मग ऱ्हायलं काय? भाकरीच की."

अनुमान निर्दोष. पहिले विधान खरे असेल तर.

९ जुलै, बुधवार

पंचेचाळीस हा आकडा दिवसभर डोक्यात. अभ्यास शून्य.

माझे पुस्तकांचे कपाट मागच्या खोलीतच आहे, भाकऱ्यांच्या मांडणीला लागून. आज शब्दकोश काढला. पाने लाटांसारखी उठलेली, पुठ्ठ्याच्या कापडावर पांढुरके ठिपके. पंचेचाळीस टक्के सापेक्ष आर्द्रतेत (यापुढे सा.आ.) कागद असा वागत नाही.

गेल्या वर्षीपर्यंत पावसाळ्यात काम कमीच असायचे. ऊन नाही तर भाकरी वाळवायची कुठे? यंदा दादाने जूनअखेरीस हे हवेतली ओल ओढणारे यंत्र मागवले आणि त्याच्या भरवशावर मोडनिंबची मोठी ऑर्डर घेतली. यंत्र पन्नासवर लावलेले आहे. हवा त्याहून दमट झाली की ते आपोआप सुरू होते, कोरडी झाली की थांबते. ओढलेले पाणी खालच्या टाकीत साठते. टाकी बहुधा रिकामीच. आईला हे यंत्राचे यश वाटते. "बघ, पाणीच न्हाय हवेत."

टाकी रिकामी आहे ती हवा कोरडी म्हणून, की यंत्र चालतच नाही म्हणून? जेवताना हे विचारायचे ठरवले होते. तोंड उघडले. तेवढ्यात दादा म्हणाला, "भागे, मीठ दे."

दिले.

११ जुलै, शुक्रवार

आई आज शेजारच्या काकूंशी ओट्यावर बोलत होती, मी आत असल्याचे माहीत असूनही. "पंचमीला जाईल की मैंदर्गीला. जाऊ दे. आणि ऱ्हाऊ दे तिकडंच. मी बोलवल्याबिगर काय येऊ नको म्हणणार हाय."

दर पंचमीला सुना माहेरी जातात आणि चार दिवसांनी येतात. गेल्या वर्षी वहिनीही तशीच आली होती, हातात पाटवड्यांचा डबा घेऊन. "बोलवल्याबिगर" हा शब्द तेव्हा नव्हता.

संध्याकाळी वहिनी मांडणीवरच्या भाकऱ्या उलटत होती. मी कपाटाशी उगाच.

"भागू, खरं सांग. कच्च्या दिसत्यात का ह्या?"

मी एक हातात घेतली. तव्यावरून येऊन फार वेळ झाला नव्हता, वाजत होती. "नाही हो."

"आता न्हाय. उद्या बघ. उद्या मेलेल्या असत्यात." मग हसली, कानडी माहेरच्या सुरात. "यव्वा, आमच्या घरी म्हातारे लोक दात न्हाईत म्हणून माझी भाकरी खात नव्हते. इतकी कडक. हितं येऊन माझा हात वला झाला बघ."

तिला दादाशी बोला म्हणायचे होते. तिनेच सांगितले: "तुझ्या दादाला काय सांगू? त्ये मशीनकडं बोट दाखवतंय."

मला यंत्र तपासायचे आहे. लिहून ठेवले म्हणजे मागे हटता येणार नाही.

१२ जुलै, शनिवार

कॉलेजातून येताना नवी पेठेतून छोटा आर्द्रतामापक घेतला. तळहाताएवढा, मागे टेकण. दुकानदाराने "कशाला पायजे, ताई? कोंबडीची अंडी उबवायला?" असे विचारले. हो म्हणाले. अंड्यांचे स्पष्टीकरण भाकरीच्या स्पष्टीकरणापेक्षा सोपे होते.

मांडणीवर ठेवला. यंत्र: ४५. छोटा: ६६.

दादाला दाखवले. म्हणजे त्याच्या दिसेल अशा जागी ठेवून मी बाजूला उभी राहिले. त्याने उचलला, हलवला, कानाला लावला. "हे खेळण्यातलं घड्याळ हाय, भागे. ह्याच्यावरनं एवढ्या मोठ्या मशीनला खोटं पाडतीस?"

हा आक्षेप रास्त आहे. दोन साधने भांडत असतील तर मोठे ते खरे, हे चूक. पण छोटे ते खरे, हेही सिद्ध नाही. तिसरा साक्षीदार हवा, ज्याला कुणी खोटे म्हणू शकणार नाही.

१३ जुलै, रविवार

साक्षीदार सापडला. मीठ.

बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यायचे, ते ओले होईल पण विरघळणार नाही इतकेच पाणी, आणि झाकण व मापक एकत्र घट्ट डब्यात बंद. काही तासांनी आतली सा.आ. पंचाहत्तरवर येऊन थांबते. मीठ कुठल्याही दुकानाचे असो, डबा कुणाचाही असो. निसर्गाचा हा नियम मला फार आवडतो. त्याच्याशी बोलावे लागत नाही.

डबा सकाळी बंद केला. दुपारी पाहते तर डबा उघडा, धुतलेला, पालथा. मीठ ताटलीत, गच्चीवर, पत्र्याखाली.

"मिठाला पाणी सुटलं होतं," आई म्हणाली. "आणि त्यात ते घड्याळ कशाला घातलीस? बिघडंल की."

उद्या पुन्हा. डबा कपाटात, शब्दकोशामागे.

१४ जुलै, सोमवार

झाले. छोटा मापक बंद डब्यात ७१ दाखवतो. हवे ७५. म्हणजे तो चार कमी सांगतो, पण नेहमी एकाच बाजूला. अशा खोटेपणावर विसंबता येते. शनिवारचे ६६ म्हणजे खरे तर सत्तरच.

यंत्र पंचवीसने चुकते आहे!

आनंद झाला, मग लगेच लाज वाटली आनंदाची. बाहेर आई वहिनीला पीठ चाळण्यावरून बोलत होती. पीठ चाळण्यात काही चूक नव्हती.

१६ जुलै, बुधवार

प्रॅक्टिकलच्या मॅडमना विचारायचे ठरवून तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. दोनदा परत आले. दहावीत शाळेत पहिली आले तेव्हा फलकावर नाव होते. इथे सगळे इंग्रजीत बोलतात, आणि मी वाक्य मनात जुळवेपर्यंत तास संपतो.

तिसऱ्यांदा त्यांनीच विचारले. मी सगळे मराठीत सांगितले. एका दमात. भाकरी, मोडनिंब, मीठ, पंचेचाळीस.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छोटं मीटर कुठं होतं? मांडणीवर. आणि मशीन? भिंतीपाशी. मग तू दोन वेगळ्या जागांची हवा मोजलीस." मग त्यांनी हाताने दाखवले. "शेजारी शेजारी ठेव. एका उंचीवर. मशीनचा सेन्सर कुठे आहे तो शोध, त्याला चिकटून ठेव. मग ये सांगायला."

माझी चूक. इतकी साधी. घरी येताना बसमध्ये कान तापलेले.

तरीही बरे वाटले. चूक सांगितली, पण प्रश्न मोडीत काढला नाही.

१९ जुलै, शनिवार

यंत्र जिथे आहे ती भिंत स्वयंपाकघराची. पलीकडे तवा. भिंत कोमट असते. कोमट हवेत सा.आ. कमी दिसते, तेव्हा यंत्र खरे बोलत असेल पण फक्त स्वतःच्या कोपऱ्याबद्दल, ही शंका मनात होती. तसे असते तर सोपे होते. यंत्र सरकवले की झाले.

वहिनीच्या मदतीने यंत्र खोलीच्या मध्यभागी ओढले. चाके आहेत. मापक त्याला टेकवून, एका उंचीवर. थांबलो.

यंत्र: ४५. छोटा: ६८, म्हणजे ७२.

तसेच. भिंतीचा दोष नाही.

"काय निघालं?" वहिनीने विचारले.

"अजून काही नाही."

"तू डॉक्टरसारखी बोलतीस गं. पेशंट मेल्यावर सांगशील."

२० जुलै, रविवार

सापडले. सापडायला नको होते.

यंत्राच्या उजव्या बाजूला, आकड्याच्या पडद्याशेजारी, चार-पाच बारीक फटी आहेत. सेन्सर त्यांच्या आत. माहितीपत्रकात आकृती आहे: या फटी मोकळ्या ठेवाव्यात. त्यावरून विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढलेले आहेत. जाड, पाण्यात कालवलेले, वाळून घट्ट झालेले. मध्ये हळद-कुंकवाचा थर. एकही फट उघडी नाही.

बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. तो यंत्राच्या पोटातली गरम, कोरडी हवा मोजतो, पंचेचाळीस सांगतो, आणि यंत्र समाधानाने झोपते.

इतके दिवस मी आकडाच पाहत होते. त्याच्या शेजारचे पट्टे रोज दिसत होते, म्हणून दिसले नाहीत. आमच्या घरात शिलाई मशीनला पट्टे आहेत, मिक्सरला आहेत, माझ्या सायकलच्या हँडललाही.

यंत्र आले तो दिवस आठवतो. आई म्हणाली होती, घरच्या लक्ष्मीच्या हातनं होऊ दे पूजा. वहिनीने वाटी हातात घेऊन विचारले, "अत्ती, कुठं लावू?" (सासूला ती कानडीत अत्ती म्हणते.) आई म्हणाली, "तोंडावर लाव की."

पट्टे तिच्या बोटांचे आहेत.

तिचा हात ओला नाही, हे मला सिद्ध करता येते. पण त्यासाठी तिच्याच हाताकडे बोट दाखवावे लागेल. आई हे कसे ऐकेल ते मला शब्दशः माहीत आहे: भाकरी तर भाकरी, मशीनबी हिनंच बिघडवलं.

कुणाला सांगितले नाही.

२२ जुलै, मंगळवार

पर्याय मांडते.

गुपचूप पुसून टाकावे. यंत्र चालेल, भाकरी कडक राहील, कुणाला काही कळणार नाही. वहिनीचा हात आपोआप सुधारला असे होईल. पण आई म्हणेल, बोलल्यावर बघ कशी नीट करती. म्हणजे आरोप खराच ठरला.

शिवाय पुसायचे तर विभूती पुसायची. मी ओले फडके घेऊन उभी राहिले. हात पुढे गेला नाही. पदार्थविज्ञान शिकते आणि हात पुढे जात नाही.

सांगावे. कुणाला? दादाला. दादा एकटा सापडत नाही. सापडतो तेव्हा गाडी चालवत असतो.

वहिनीला सांगावे. तिला कळले तर ती स्वतःच आईपुढे जाऊन कबूल होईल. ती तशी आहे.

२४ जुलै, गुरुवार

काही नाही. दोनदा मागच्या खोलीत. दोनदा परत.

मॅडमनी विचारले, "शोधलंस?" हो म्हणाले. "मग?" म्हणाले, घरचे लोक ऐकत नाहीत. हे खोटे आहे. ऐकायला मी अजून काही बोललेलेच नाही.

२६ जुलै, शनिवार

उद्या वहिनीचा भाऊ तिला न्यायला येणार. आज बोलायचेच होते.

दुपारी सगळे ओट्यावर. वहिनी पिशवी भरत होती. आईने तिला लुगड्याची घडी दिली, पंचमीची. चांगली, हिरवी, काठाची. मग त्याच आवाजात म्हणाली, "घाई करू नको यायची. मी सांगते."

वहिनीने घडी कपाळाला लावली. "व्हय, अत्ती."

मी म्हणाले, "आई, ते मशीन..."

"काय झालं मशीनला?"

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. दादाच्या हातात वहिनीची पिशवी होती. वाक्य मनात पूर्ण तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद. त्यातला कर्ता वहिनी होती.

"काही नाही. टाकी रिकामी आहे."

"मग चांगलंच की," आई म्हणाली.

२७ जुलै, रविवार

गेली. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "पुस्तकं उन्हाला टाक जरा. वास मारत्यात."

दादा कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. कॉलेजातून आले तर सगळे घर पुसलेले. आईने पंचमीच्या आधी दरवर्षीप्रमाणे सगळे स्वच्छ केले होते: देवघर, डबे, शिलाई मशीन. आणि ते यंत्र. "राख लई साचली होती त्याच्या अंगावर," म्हणाली. नवा ठिपका लावला आहे. वर, झाकणावर, एकच बोट.

फटी मोकळ्या.

आकडा ७१. यंत्र सुरू होते. त्याचा आवाज मी जवळजवळ पहिल्यांदाच इतका वेळ ऐकला.

मी आईला काही बोलले नाही. काय बोलणार होते? पुरावा बादलीत गेला होता.

२९ जुलै, मंगळवार

पंचमी. आज तवा नाही, चिरणे नाही, भाजणे नाही. उकडलेले खाल्ले. घर शांत. फक्त मागच्या खोलीत यंत्र घरघरत होते. टाकी भरली म्हणून ते टूं टूं करू लागले आणि आई दचकली. "काय झालं त्याला?"

"पाणी भरलं."

"एवढं? कुठनं आलं?"

हवेतून, म्हणाले. तीही संधी होती. "पाऊस वाढलाय," आईने स्वतःच उत्तर दिले आणि टाकी मोरीत ओतली.

३१ जुलै, गुरुवार

वहिनी नाही, म्हणून आई कालपासून मनगटाला फडके बांधून स्वतः तव्यापुढे बसते आहे. गेल्या वर्षी दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. काल थापलेल्या भाकऱ्या आज मांडणीवरून उतरवल्या. कडक. एक हातातून निसटली तर फरशीवर तिचे पाच तुकडे झाले.

आईने तुकडे गोळा केले. चेहरा समाधानाने फुललेला. तो चेहरा मी मोडनिंबची खोकी परत आली त्या दिवशी पाहिला असता तर मला आनंद झाला असता.

दादा एक तुकडा खात म्हणाला, "हात तुझाच, आई."

२ ऑगस्ट, शनिवार

मोडनिंबचे मालक फोनवर, आईने मुद्दाम स्पीकर लावला. "मावशी, आता हाय भाकरी! कोण करतंय?"

"मीच करते."

"मग आधीच करायची की ओ तुमी!"

आई हसली. फोन ठेवून मला म्हणाली, "बघ. मी खोटं बोलत होते व्हय?"

माझ्या गप्प राहण्याने खोट्याला पुरावा मिळाला आहे. यंत्र चुकले तेव्हा वहिनी दोषी, यंत्र सुधारले तेव्हाही वहिनीच दोषी. मधली कडी एकट्या माझ्याजवळ आहे.

आता नुसते सांगून कोण मानणार? राख पुसली गेली, वहिनी गेली, भाकरी कडक झाली. सगळे एकाच आठवड्यात. मीही मानले नसते.

प्रयोग पुन्हा करावा लागेल. त्यांच्या डोळ्यांसमोर. माझ्या हाताने.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पूजा झाल्यावर आईकडे विभूतीची वाटी मागितली. तिला बरे वाटले. मी कधी मागत नाही. पाण्यात कालवली आणि यंत्रापुढे बसले.

"मशीनला लावते," म्हणाले. "तू आणि दादा आकडा बघा." छोटा मापक शेजारी ठेवला.

"आता काय खेळ मांडलीस गं?"

यंत्र ५२ दाखवत होते. मी फटींवरून तीन पट्टे ओढले, जाड, जसे होते तसे. वर हळद, कुंकू. मधला पट्टा वाकडा गेला.

आकडा ५८ झाला. ६३. ६७.

"चढला की गं!" दादा मोठ्याने हसला. "तुझं शास्त्र उलटं चाललंय, भागे."

हे मी विचारात घेतले नव्हते. ओला लेप, त्यातलेच पाणी आत जाणार. क्षणभर वाटले उठून निघून जावे. पण कारण समजले होते, आणि समजलेल्या गोष्टीची मला भीती वाटत नाही. "वाळू दे," म्हणाले. "वाळल्यावर बघा."

दादा कामाला निघाला होता तो थांबला. आई चहा करून घेऊन आली आणि तिथेच पाटावर बसली. लेप पांढरा पडू लागला. ६०. ५५. पन्नासच्या खाली गेला आणि यंत्र थांबले. खोलीत एकदम शांत झाले. पडदा ४६ वर.

छोटा मापक उलट दिशेने चढत होता. दुपारी दादा जेवायला आला तेव्हा तो ६४ वर होता. यंत्र तसेच झोपलेले, ४५ वर.

दादाने मांडणीवरची भाकरी उचलली. आईच्या हातची, कालची. वाकवली. ती वाकली.

त्याने ती आईपुढे धरली.

मग आई: "म्हंजे देवाच्या अंगाऱ्यानं बिघडलं म्हणतीस?"

"अंगाऱ्याने नाही. जागेने. वर लावला की काही होत नाही. तू गेल्या सोमवारी वर लावलास, तेव्हापासून चाललेच की."

"मग फटीवर लावलं कुणी?"

हा प्रश्न मला माहीत होता. दोन आठवडे मी त्याच्याच भोवती फिरत होते.

"वहिनींनी. त्यांनी तुला विचारले होते, कुठे लावू. तू म्हणालीस, तोंडावर लाव."

माझा आवाज मोठा झाला होता. दादाने माझ्याकडे असे पाहिले, जणू घरात दुसरेच कोणी बोलले.

आई उठली. यंत्रापाशी वाकून तिने बोटाने पट्टे खरवडले, एकेक फट नखाने मोकळी केली. बोटाला लागलेली राख स्वतःच्या कपाळाला लावली आणि स्वयंपाकघरात गेली. यंत्र थोड्या वेळाने सुरू झाले.

५ ऑगस्ट, मंगळवार

दादाने मैंदर्गीला फोन केला, स्पीकर लावून. मी समोर, त्याला एकट्याला बोलायचे नव्हते. सगळे सांगितले, मी सांगितले त्यापेक्षा नीट. शेवटी म्हणाला, "तुझा काय दोष नव्हता, गिरिजा. मशीनच चुकीचं दाखवत होतं."

पलीकडे कोंबड्यांचे आवाज.

"आणि बरोबर दाखवत असतं तर?"

दादाने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मशीन बघून बोलवताय व्हय मला? उद्या आणि कायतरी बिघडंल. अत्तींना द्या फोन."

आई दारात उभी होती. तिने हात हलवला, म्हणाली, नको. दादा म्हणाला, आई बाहेर गेलीय. वहिनी म्हणाली, "बरं. आल्या की सांगा." तिला आईचा आवाज ऐकू गेला असणार, आई हळू बोलत नाही, नको म्हणतानाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

वहिनीने मला फोन केला. पुस्तकांना बुरशी आली का, विचारले. ठिपके पुसले, म्हणाले. मग मी विचारले, कधी येताय.

"अत्तींनी एकदा सांगू दे. त्यांच्या तोंडानं. मी काय माफी मागा म्हणत न्हाय. ये म्हणू दे, बास."

"मी सांगू का तिला?"

"नको. आणि एक सांग, भागू. तुला कधी वाटलं, माझा हात चांगला हाय म्हणून? मशीनच्या आधी का नंतर?"

मला खरे सांगायचे होते. मला तिच्या हाताबद्दल काहीच वाटले नव्हते. पुस्तकांची पाने उठली म्हणून मी तपासायला निघाले. वाजणारी भाकरी माझ्या हातात होती, आणि मी आकडा शोधत राहिले.

"पुस्तकांमुळे कळले," म्हणाले.

"पुस्तकामुळं व्हय!" ती खूप हसली. ते हसणे चांगले होते की नाही, अजून ठरवता आलेले नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आईचे मनगट सुजले आहे. आज निम्म्याच भाकऱ्या. दादाने मोडनिंबला कमी माल येईल असे कळवले. आईला विचारले नाही, आणि ती त्यावर काही बोलली नाही.

सकाळी यंत्राची टाकी तिने स्वतः ओतली. आकडा मला वाचायला लावला. ५१, म्हणाले. "बरोबर हाय का?" छोट्या मापकाने पडताळून सांगितले: बरोबर आहे. तिने मान हलवली. तेवढ्याने समाधान झालेले दिसले नाही.

आता संध्याकाळ. मी मागच्या खोलीत लिहीत आहे. आई आत आली, मांडणीवरच्या भाकऱ्या उगाच सारख्या केल्या, आणि पाठमोरीच म्हणाली, "मैंदर्गीला पाऊस हाय का गं?"

"माहीत नाही. विचार की."

"तू विचार."

"मला नाही विचारायचे," म्हणाले. असे आईला मी आजवर कधी म्हटलेले नाही.

तिने आणखी एक भाकरी सारखी केली. मग माझ्या वहीशेजारचा फोन उचलला, पदराने पुसला, आणि अंगणात गेली, रेंज मिळते त्या कोपऱ्यात. खिडकीतून तिची पाठ दिसते. फोन कानाला लावलेला आहे. लागला आहे की नाही, इथून कळत नाही; यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि ते बंद करायला मी उठलेले नाही.